बिनआवाजाचं मशीन

ताईने कानाचं यंत्र परत करायचं ठरवलं आहे हे तिने मला सांगितलं तेव्हा मी भांडी घासत होते. हातातलं पातेलं मी इतक्या जोरात आपटलं की शेजारणीने भिंतीवर ठोकलं.

"बघ, हे ऐकू आलं," ताई म्हणाली. "पातेली ऐकू येतात. नळ ऐकू येतो. रस्त्यावरच्या स्कूटर तर थेट डोक्यातून जातात. फक्त माणसं ऐकू येत नाहीत."

"सवय व्हायला वेळ लागतो, डॉक्टरांनी सांगितलंय!" मी ओरडले.

"महिन्याच्या आत खोक्यासकट परत केलं तर पूर्ण पैसे देतात. अजून नऊ दिवस आहेत." ती गणिताची शिक्षिका होती. दिवस मोजताना तिची चूक होत नाही.

यंत्राचा खोका तिने पहिल्या दिवसापासून कपाटावर जपून ठेवला होता. आतला फुगेवाला प्लास्टिकचा कागदसुद्धा घडी घालून. मला तेव्हाच कळायला हवं होतं की बाईने परतीचं तिकीट काढूनच प्रवास सुरू केलाय.

ताई अडुसष्टची, मी एकसष्टची, तरी तिच्या तोंडी मी अजून छोटीच. तिचे यजमान गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली. मी लग्नच केलं नाही, त्यामुळे कुणाला विचारायचा प्रश्न नव्हता. पहिली काही वर्षं आम्ही नुसत्या बोलत होतो. मग दोन वर्षांपूर्वी तिचे कान हळूहळू जायला लागले आणि त्याच वेगाने माझा आवाज चढत गेला. "चहा हवा का" हे तिसऱ्यांदा ओरडून विचारलं की आवाजात आपोआप राग येतो. एकदा आवाजात आला की मनात यायला त्याला वेळ लागत नाही. शेजारणीला वाटतं आमचं दिवसरात्र भांडण चालतं. हल्ली मलाही तसंच वाटतं.

यंत्र परत गेलं तर ती दुसरं घेणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तिचा स्वभावच तो. एकदा पुसलं की पुसलं. मग उरलेलं आयुष्य मी ओरडायचं आणि तिने मान डोलवायची, आणि त्यातलं निम्मं तिला कळलेलं नसायचं. मला ते नको होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रविवारी दुपारी आम्ही सिनेमा बघतो, ही आमची जुनी रीत. टीव्ही साधा आहे, त्याला स्वतःची अक्कल नाही. म्हणून ताईच्या मुलाने त्याचा जुना कॉम्प्युटर टीव्हीला जोडून दिला होता आणि त्यात जुने सिनेमे भरून दिले होते. ताईचे कान गेल्यापासून मी शेजारी बसून एकेक संवाद तिच्या कानात ओरडून सांगायचे. यंत्र आलं तेव्हा वाटलं, चला, सुटले. पण त्या रविवारी सिनेमा सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच ताईने यंत्र काढलं, डबीत ठेवलं आणि म्हणाली, "तू बघ, मी जरा पडते."

ती झोपल्यावर मी ती डबी उघडली आणि यंत्र स्वतःच्या कानात घातलं.

बाप रे. टीव्हीखाली ठेवलेला तो कॉम्प्युटर गिरणीसारखा घरघरत होता. एरवी ती घरघर माझ्या लक्षातही येत नव्हती. यंत्रातून ती सगळ्या खोलीत भरली होती, आणि सिनेमातला बाप आपल्या मुलीला काहीतरी सांगत होता त्यातलं अक्षर कळत नव्हतं. कॉम्प्युटर बंद केला. घर शांत झालं. घड्याळाची टिकटिक ऐकू आली. आतल्या खोलीतून ताईचा श्वास ऐकू आला.

म्हणजे यंत्राचा काही दोष नव्हता. मी तिथेच चंग बांधला. आठ दिवसांत या घरात आवाज न करणारा कॉम्प्युटर आणायचा, आणि तो मीच जोडायचा.

आता यात मला काय कळतं, असं कुणालाही वाटेल. मी एकतीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशिनांची मेकॅनिक होते. ऐंशी मशिनं एका वेळी चालायची आणि मी दारात उभी राहून सांगायचे की तिसऱ्या रांगेतल्या पाचव्या मशिनाचं शटल घासतंय. कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नव्हतं, पण आवाज कुठून येतो हे मला कळतं.

ताईच्या मुलाला फोन केला. तो दूर नोकरीला आहे आणि कॉम्प्युटरमधला मोठा जाणकार आहे, असं तो स्वतः सांगतो. त्याने तासाभरात यादी पाठवली. यादीत वेगळं ग्राफिक्स कार्ड होतं, त्यावर तीन पंखे होते आणि त्या पंख्यांना रंगीत दिवे होते.

"हे कशाला?" मी विचारलं.

"मावशी, जरा भविष्याचा विचार कर. उद्या काहीही चालवायला लागेल."

"मी एकसष्टची, तुझी आई अडुसष्टची. आमचं भविष्य बेताचंच आहे. आम्हाला जुने सिनेमे बघायचेत, आवाज न करता."

"पण बजेट तरी किती आहे?"

मी आकडा सांगितला.

"एवढ्यात नुसतं कार्डसुद्धा येणार नाही," तो म्हणाला.

"मग नको घ्यायला," मी म्हणाले आणि फोन ठेवला. यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी माझी यादी लिहिली. वरती बजेटचा आकडा आणि खाली एकच ओळ: जे फिरतं ते कमी करायचं.

सोमवारी दुपारी ताई झोपल्यावर मी तिचं यंत्र उचललं आणि बाजारात गेले. जुन्या-नव्या सुट्या भागांचं एक दुकान आहे, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं, पण छतापर्यंत खोके. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून बसलेला असतो आणि तोच चष्मा शोधत असतो. सगळे त्याला चष्मेवाले म्हणतात.

"चष्मेवाले, पंखे दाखवा," मी म्हणाले. "आणि चालू करून दाखवा."

"चालू करून?"

"ऐकायचेत."

मी कानात यंत्र घातलं. त्यांनी एकेक पंखा तारेला लावायला सुरुवात केली. छोटे पंखे चिरकत होते; चाक लहान असलं की तेवढंच काम करायला त्याला जास्त धावावं लागतं, हे मला शिकवायला कुणाची गरज नव्हती. एक मोठा पंखा होता, थाळीएवढा, संथ फिरणारा. तो मी कानाला लावून अर्धा मिनिट ऐकला आणि त्यातून नुसती वाऱ्याची हलकी झुळूक ऐकू आली. तो बाजूला ठेवला. तेवढ्यात मागे दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली होती आणि चष्मेवाल्यांना घाम फुटला होता.

"बाई, पंखे असे कोणी ऐकून घेत नाही हो," ते म्हणाले.

"मग कसे घेतात?"

"रंग बघून," ते म्हणाले, आणि बिचारे खरंच बोलत होते.

मंगळवारी हार्ड डिस्क. तिच्यात तबकडी फिरते आणि काटा तिच्यावर खरडतो. यंत्रातून ते ऐकताना अंगावर काटा आला. मग त्यांनी एसएसडी दाखवली, पत्त्यांच्या जोडाएवढी सपाट.

"यात फिरतं काय?"

"काहीच नाही."

"मग बिघडतं काय?"

"अचानक सगळंच," चष्मेवाले म्हणाले. "पण सहसा नाही."

मी लहानातली लहान घेतली. सिनेमे जुन्या डिस्कवरून टप्प्याटप्प्याने उतरवता आले असते. प्रोसेसर मात्र खरी डोकेदुखी होती. जेवढा ताकदवान तेवढा तापट, आणि जेवढा तापट तेवढा पंखा जोरात. असली माणसं कारखान्यात मी खूप पाहिली होती. मी कमी वीज खाणारा मागितला, ज्यात चित्र दाखवायची सोय आतच असते, म्हणजे वेगळं कार्ड नको. कुठल्यातरी ऑफिसातून काढून टाकलेला एक मिळाला, त्याच्या मदरबोर्डसकट. बोर्ड घेताना मी भाच्याची जुनी रॅम पर्समधून काढून त्यात बसवून पाहिली. बसली. तेवढे पैसे वाचले. बुधवारी प्रोसेसर गार ठेवायचा नवा ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि वीजपुरवठ्याचा डबा घेतला. काम हलकं असलं की त्याचा पंखा फिरतच नाही. गुरुवारी नव्या कॅबिनेटच्या किमती पाहिल्या आणि सरळ घरी आले. भाच्याचं जुनं कॅबिनेट जाड पत्र्याचं होतं, एका कोपऱ्यात चेपलेलं. पत्रा चेपला म्हणून काय, तो वाजत तर नव्हता. बाकीचं सगळं आकड्याच्या आत बसलं आणि वर एका बसच्या तिकिटापुरते पैसे उरले.

शुक्रवारी मी जेवणाचं टेबल पुसून सगळं मांडून बसले. सुटे स्क्रू बशीत काढले. ताई समोर वर्तमानपत्र घेऊन बसली होती, पण पान उलटत नव्हती.

"काय करतेयस?"

"दुरुस्ती!" मी ओरडले. ताकास तूर लागू दिली नव्हती. आधी सांगितलं असतं तर म्हणाली असती, माझ्यासाठी खर्च नको.

चार दिवस मी डोळ्यांत तेल घालून माहिती जमवली होती, आणि काम हाताला सरावाचं होतं. ज्या बाईने दमट गोदामात बसून ओव्हरलॉकच्या मशिनात सुई, दाते आणि लूपर जुळवलेत, तिला बोर्ड बसवणं काय अवघड? प्रोसेसर खाचेत बसवला. त्याच्यावर बसायचा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा ठोकळा उलटा करून पाहिला, तर तळाला राखाडी चिकट काहीतरी थापलेलं. कारखान्याचं ग्रीस. नवी मशिनं यायची तेव्हा त्यांनाही असंच फासलेलं असायचं, वाटेत गंजू नये म्हणून. ते आधी पुसायचं, मग आपलं तेल घालायचं, हा मेकॅनिकचा पहिला धडा. ज्याने पुसलं नाही त्याचं मशीन महिन्याभरात जाम. मी फडक्याला रॉकेल लावून तो तळ आरशासारखा लख्ख केला, कुपीतून मशीनच्या तेलाचा एकच थेंब मधोमध टाकला, ठोकळा दाबून बसवला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

शनिवारी दुपारी मी ताईला खुर्चीत बसवलं आणि डबी तिच्या हातात दिली. "घाल!"

तिने कपाळाला आठ्या घातल्या, पण यंत्र घातलं. मी बटण दाबलं आणि मागच्या रविवारचाच सिनेमा लावला. पंखा फिरायला लागला आणि आवाज आला नाही. मी ताईचा चेहरा बघत होते. सिनेमातल्या बाईने दार उघडून "कोण आहे?" असं विचारलं आणि ताईची मान वर झाली.

"कोण आहे म्हणाली," ताई म्हणाली.

मी तिच्या शेजारी हळूच बसले.

पाच मिनिटं झाली. ताई पुढे सरकून बसली. दहाव्या मिनिटाला टीव्हीखालून हलका वारा ऐकू आला, मग तो वारा वाढला, आणि बाराव्या मिनिटाला मी स्वतः कानाने निवडलेला तो संथ पंखा जिवाच्या आकांताने ओरडायला लागला. मी कॅबिनेटवर हात ठेवला. मग चापट मारली. ताईने कानातून यंत्र काढलं, डबीत ठेवलं. डबी मिटल्याचा टक् असा आवाज झाला.

"छोटी," ती म्हणाली, "माझ्यासाठी केलंस ना हे सगळं?"

मी मान हलवली.

"असू दे आता. सोमवारी देऊन येऊ."

ती इतक्या समजूतदारपणे म्हणाली की मला तिचा संताप आला. मी पाय आपटत स्वयंपाकघरात गेले आणि तिथे ओट्याला टेकून रडले. मला वाटलं होतं मला आवाज कळतो. आठ दिवस मी तेवढ्याच एका गोष्टीच्या जोरावर उड्या मारत होते, आणि पार तोंडघशी पडले होते.

रविवारी सकाळी उठले तेव्हा राग उरला होता, रडू संपलं होतं. रागाच्या भरात माझं काम चांगलं होतं. भाच्याला फोन लावला.

"प्रोसेसर तापला की पंखा आपोआप जोर धरतो," तो म्हणाला. "पण तू घेतलायस तो इतका तापायला नको. ठोकळा घट्ट बसलाय?"

"माझ्या हातचा स्क्रू आजपर्यंत सैल राहिलेला नाही."

"आणि खाली पेस्ट आहे ना?"

"कसली पेस्ट?"

"राखाडी. ठोकळ्याच्या तळाला. लावूनच येते."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. "ते ग्रीस होतं," मी म्हणाले. "कारखान्याचं. मी पुसून टाकलं."

"पुसलंस?"

"आणि तेल घातलं. एकच थेंब."

पलीकडे तो जो हसत सुटला तो थांबेना. मी त्याला हसू दिलं. चूक माझी होती, एकतीस वर्षांच्या अनुभवाची होती, आणि त्याला आठ दिवसांनी एकदाचं हसायला मिळालं होतं. प्रोसेसरची उष्णता त्या पेस्टमधूनच ठोकळ्यात जाते, त्याने डोळे पुसत पुसत सांगितलं. मी ती वाटच लख्ख पुसून टाकली होती.

रविवारी चष्मेवाल्यांचं दुकान बंद असतं. ते दुकानावरच्या मजल्यावर राहतात. मी खाली रस्त्यात उभी राहिले आणि हाक मारली. दोन वर्षांत तयार केलेला माझा आवाज होता तो. तीन मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. चष्मेवाले दाढीचा फेस तोंडाला तसाच ठेवून बाहेर आले.

"पेस्ट!" मी ओरडले. "प्रोसेसरची!"

"नवीन ठोकळ्याला लावलेली असते हो!"

"माहीत आहे!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, काय झालं असेल ते त्यांना कळलं असावं, पण माणूस भला. खाली येऊन शटर अर्धं वर केलं, नळी हातात दिली आणि म्हणाले, "तांदळाच्या दाण्याएवढी. जास्त नको." हसले मात्र शटर खाली ओढून झाल्यावर. ते मला ऐकू आलं.

घरी येऊन तेल पुसलं, दाण्याएवढी पेस्ट लावली, ठोकळा पुन्हा बसवला. कॉम्प्युटर एकटाच तासभर चालवला आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसून राहिले. पंखा संथ तो संथच. मग ताईच्या खोलीत गेले.

"पुन्हा?" ती म्हणाली.

"एकदाच! आज रविवार आहे! रविवारी आपण बघतोच!"

ती आली. रीत मोडणं तिला जमत नाही, म्हणून आली आणि यंत्रही घातलं. आदल्या दिवशीचाच सिनेमा लावला, पाच-सहा वेळा बघितलेला. दहा मिनिटं झाली. बारा झाली. मी पंख्याकडे बघत होते आणि ताई टीव्हीकडे बघत होती. वीस मिनिटं झाली तेव्हा मी खुर्चीत नीट टेकून बसले.

शेवटी शेवटी तो म्हातारा बाप दारात उभा राहतो आणि मुलगी आत भाजी चिरत असते. बाप काहीतरी बोलतो आणि निघून जातो. ताईने भुवया उंचावल्या.

"हा 'माझं चुकलं' म्हणालाच नाही," ती म्हणाली. "'पाऊस थांबलाय, निघतो' म्हणाला."

मी पुन्हा पंख्याकडे बघायला लागले.

"दोन वर्षं तू मला सांगतेयस की हा माफी मागतो."

"त्याने मागायला हवी होती!" मी म्हणाले.

ताई हसली. पुष्कळ दिवसांनी मी तिचं हसणं बघितलं, खांदे हलतात तसं. "आणखी किती सिनेमे सुधारलेस?" तिने विचारलं.

"सगळेच!" मी ओरडले.

तिने कानावर हात ठेवला. "अगं ओरडू नकोस. ऐकू येतंय मला."

मी तोंड उघडलं आणि काही सापडेना. हळू आवाज कुठे ठेवलाय तेच आठवेना. दोन वर्षांत मी एकही वाक्य त्या आवाजात बोलले नव्हते, शेजारणीशीसुद्धा नाही. सिनेमा संपला होता, पडदा काळा झाला होता, आणि खोलीत कसलाच आवाज नव्हता.

"ताई," मी म्हणाले. इतकं हळू की मलाच नीट ऐकू आलं नाही. "ते परत करू नकोस. मला तुझ्याशिवाय बोलायला कोणी नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या ओठांवरून मला कळेना की तिला ऐकू आलं की नाही, आणि दुसऱ्यांदा ते म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती.

ती उठली. खुर्ची कपाटाला लावली, मी धरायला धावेपर्यंत वर चढली आणि यंत्राचा तो रिकामा खोका खाली काढला. आतला फुगेवाला कागद चुरगळून कचऱ्यात टाकला. मग टेबलावरची बशी उचलून त्यातले उरलेले सगळे स्क्रू खोक्यात ओतले आणि खोका माझ्यासमोर ठेवला.

"स्क्रू यात ठेवत जा," ती म्हणाली. "बशी चहाला लागते. आणि चहा ठेवताना बोल काहीतरी, तिकडून. बघू ऐकू येतं का."